पैकूच्या नावावर नसलेला पोरगा

नावानं काही सापडत नाही, हे लोकांना सांगण्यात माझी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधली एकोणीस वर्षं गेली. माणूस खिडकीशी येतो, बापाचं नाव सांगतो आणि माझ्या तोंडाकडं असा पाहतो, की मी आता मागं वळणार आणि फडताळातून त्याचा बाप काढून हातात देणार. मी विचारतो, गाव? ते तो सांगतो. साल? तिथं गाडी अडते. आमचे बस्ते गावाच्या नावानं बांधलेले. गावाच्या पोटात साल, सालाच्या पोटात महिना. माणूस सगळ्यात खाली, तळाशी.

दोन हजार सहा साली तर नावांचा नुसता पूर आला होता. कापसाचं आणि पॅकेजचं ते साल. सकाळी कुलूप काढलं की सातबाऱ्याच्या जुन्या नकला मागणारे उभेच असत. दुपारी वरून जीव दिलेल्या शेतकऱ्यांची यादी येई: अमुक गावचा अमुक, गेला त्या दिवशी शेत त्याच्या नावावर होतं की बापाच्या, ते पाहून कळवा. तेवढ्यावर तो मदतीला पात्र की अपात्र ठरे. मेल्यावरही माणसाला नावावर काय होतं ते सिद्ध करावं लागे, आणि ते सिद्ध करायला मी. याद्या घेऊन आमचे लोक गेले की विद्यापीठातली पोरं येत, पुण्याची, दिल्लीची. त्यांच्या वह्यांत पुन्हा तीच नावं. एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "सर, इथे सर्च बाय नेम होतं का?" मी म्हटलं, "होते ना. नेम मी सांगतो, सर्च तू कर," आणि धूळ झटकायचं फडकं त्याच्या पुढं केलं. तो हसला, पण फडकं काही घेतलं नाही.

ऑगस्टच्या सात तारखेला, सोमवारी, खैरटोकीची दीपा नगराळे तिच्या आज्याला घेऊन आली. पोरगी एकोणीस-वीसची, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलीत पुन्हा एक पिशवी. म्हातारा सत्तरीला टेकलेला, उंच, डोक्याला पांढरा दुपट्टा. तो खिडकीपासून चार हात दूरच उभा राहिला. ऑफिसात येणारी जुनी माणसं कुठं उभी राहतात त्यावरून मला त्यांच्या अर्ध्या गोष्टी कळतात.

"सर, मले डी.एड.ची सीट भेटली हाय यवतमाळले," दीपा म्हणाली. "जातीची व्हॅलिडिटी एकतीस तारखेपर्यंत द्या लागते. नाही देली तं सीट जाते."

त्या साली डी.एड.ची सीट म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगायला नको. गावात एक मास्तरीण झाली की घरात एक पगार ठरलेला. पराटीत, म्हणजे कापसात, आता काही राहिलं नाही हे ज्यांना ज्यांना कळलं होतं, त्या सगळ्यांनी पोरी डी.एड.च्या रांगेत उभ्या केल्या होत्या.

तिनं अमरावतीच्या समितीचं पत्र दाखवलं. सन १९५० पूर्वीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या जातीचा पुरावा जोडावा. मी विचारलं, "बापाचा दाखला?"

"बाबाच्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध हाय. बाबा शिकला एकोणीसशे सत्तरमध्ये."

"अन् आज्याचा?"

"आबाजी शाळेत गेलाच नाई."

मागून म्हातारा म्हणाला, "गेलतो एक दिवस. मास्तरनं पाटी आणाले सांगतली. थेच राह्यली आणाची."

बाप प्रफुल्ल वणीला कोळशाच्या ट्रकवर होता. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून म्हातारा आलेला. जमीन दोन एकर, तीही सत्तावन्न सालानंतर घेतलेली. म्हणजे पन्नासच्या आधी हे घर सरकारच्या कागदावर कुठं उमटलं असेल, तर ते एकाच ठिकाणी: कोतवाल बुकात. त्या काळी गावचा कोतवाल महिन्यातून एकदा पायी ठाण्यात जाई, कोण जन्मलं आणि कोण मेलं ते तोंडी सांगे, आणि तिथला मोहरीर लिहून घेई. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव लिहीत नसत. ते जगेल याचीच कोणाला खात्री होती?

"आजोबा, तुमचं नाव?"

"उकंडा."

"वडिलांचं?"

"पैकू. पैकू वल्द सोनू, सोनूचा पोरगा."

"जन्मसाल?"

म्हातारा विचारात पडला. त्याची माय सांगायची, की तो झाला त्या साली खैरटोकीचं तळं फुटलं. तळं कधी फुटलं ते मला माहीत नव्हतं, पण अंदाजानं छत्तीस ते बेचाळीस अशी सात वर्षं धरली. "बुधवारी या," म्हटलं.

सात वर्षं म्हणजे चौऱ्याऐंशी महिने. मोडी वळणाची देवनागरी, मधून मधून ठाणेदाराची इंग्रजी सही. याद्या बाजूला सारून मी दोन दिवस बसलो. खैरटोकीला त्या सात वर्षांत दोनशे नऊ जन्म, एकशे अठ्ठ्याऐंशी मृत्यू. पाटलाकडं सहा, तेल्याकडं नऊ, एका घरात लागोपाठ चार मुली. पटकीच्या एका महिन्यात एकाच पानावर अकरा माणसं. पैकू वल्द सोनूच्या घरी मात्र काहीच नाही. मुलगा नाही, मुलगी नाही. एखाद्याचं घर इतकं शांत असू नये.

बुधवारी ते आले तेव्हा मी सरळ सांगितलं. "पैकूच्या नावावर जन्मच नाही. तुम्हांला भाऊ, बहीण?"

"पाठचं कोणी नाई," म्हातारा म्हणाला. "पह्यले तीन झाले व्हते. माय बाळंतपणाले माहेरी जाये, नदीच्या तिकडं, निजामाच्या मुलखात. तिघंही तिकडंच झाले, तिकडंच गेले."

तिकडचे कागद इकडं नाहीत. पैकू स्वतः मेला पंचावन्न साली, म्हणजे उशिरा. मी हिशेब जुळवून पाहिला. जिथं हात घालावा तिथं भिंत. दीपानं फाइल पुन्हा पिशवीत घालायला घेतली. तिचा चेहरा रडवेला नव्हता. थकलेला होता, आणि त्यात कोणावर तरी चिडायची तयारी होती. चिडायला समोर मीच.

"तुमी नीट पाह्यलं ना, सर?"

"मॅडम, दोनशे नऊ पाह्यले. पाहिजे तर तेल्याचे नऊ तोंडपाठ म्हणून दाखवतो."

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा खिडकीजवळ आला. इकडं तिकडं पाहत हळूच म्हणाला, "बाबू, सोमा मडाव्याच्या घरी पाहा बरं."

"सोमा मडावी कोण?"

"आमच्या शेजारी गोंडाची वस्ती हाय. त्यातला. त्याची बायको सुखीबाई."

"त्याच्या घरी तुमचा जन्म कसा लिहिला असेल?"

"माह्या मायचे तीन गेले ना. मंग मी झालो तं मले सुपात घातलं अन् उकंड्यावर ठेवलं. सुखीबाईनं उचललं. म्हणे, हा माह्या हाय. तीन महिने तिच्या घरी. माय दूध पाजाले जाये, थेही परक्या बाईवानी. लाड नाई, बोलणं नाई, पाजलं का घरी. तीन महिन्यानं सूपभर कोंडा देऊन मले वापस आणलं. म्हणून नाव उकंडा."

हा रिवाज मला माहीत होता. आमच्या भागात उकंडा, कोंडबा, सुपडा अशा नावांचे म्हातारे हाताला येतील तितके. पण तो घरातला, बायकांमधला खेळ. सरकारी बुकापर्यंत गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अहो, मग परवाच काहून नाही सांगितलं?"

म्हातारा खरंच चकित झाला. "सरकारले थोडंच फसवलं व्हतं, बाबू? फसवलं व्हतं मरणाले. मले वाटलं, सरकारच्या बुकात खरंच असन."

दीपा त्याच्याकडं बघतच राहिली. "आबाजी, दोन दिवस ह्या मानसाले खाली मान घालून बसवलं तुमी!"

"मले का मालूम!"

मी पुन्हा आत गेलो. आता गाव होतं, घर होतं. वीस मिनिटांत हाती लागलं. मार्च १९३८. सोमा वल्द लचमा, जात गोंड, मुलगा. खबर देणार डोमा कोतवाल.

मी बुक उघडंच खिडकीत आणून ठेवलं. नेमका त्याच वेळी फुलचंद तिथं टपकला. फुलचंद आमचा अर्जनवीस. बाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसतो, आणि तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून त्याला प्रत्येकाचं काम आपलंच वाटतं. त्यानं मान घालून वाचलं आणि टाळी वाजवली.

"अरे वा! नगराळे, तुम्ही तं निघाले गोंड! पोरी, आता हेच लाव. आदिवासीतून सीट अजून लवकर लागते. अर्ज लिहू काय?"

"काका," दीपा म्हणाली, "मडाव्याची रेश्मा माह्याच वर्गात व्हती. मार्क कमी पडले म्हणून घरी बसली हाय. तिची सीट खाऊ काय मी? अन् खाल्ली तं तिच्या आंगणातून रोज पानी भराले जाऊ कशी?"

फुलचंदनं बुकावरून मान वर केली. मग तो म्हणाला, "गंमत केली व माय."

"तुमच्या गमतीचा टाइप केला तं आमची जिंदगी जाते."

मी बुक त्याच्यापुढून ओढून घेतलं. पण गंमत असो की नसो, अडचण खरी होती. काल पैकूच्या घरी काहीच नव्हतं, तेव्हा पुरावा नव्हता. आज उलटा पुरावा होता. समितीच्या माणसानं हे पान पाहिलं, तर म्हणेल, मुलीचा आजा गोंड, मग ही महार कुठून? आणि खरंच गोंड म्हणावं, तर तेही नाही. सरकारच्या लेखी पोरगी दोन घरांच्या मधल्या वाटेवर उभी.

मला त्या पानावरचं शेवटचं नाव मात्र सोडेना. "खबर देणार डोमा कोतवाल. आजोबा, ह्या कोतवालाला कळलं नाही का, की पोरगं कोणाचं? की सुखीबाईनंच त्यालाही गंडवलं?"

"त्याले कोण गंडवन? डोमा म्हणजे माह्या बापाचा मोठा भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा. एकाच घरात राहत. थोच मले सुपात घालून घेऊन गेलता उकंड्यावर. अन् ठाण्यात त्यानंच जाऊन सांगतलं. म्हणे, ठाण्यात खरं बोललो तं थे कागदावर चढन, अन् मरण थे वाचन."

ठाणं खैरटोकीहून अकरा मैल. एक माणूस अकरा मैल चालत गेला आणि पुतण्याला वाचवण्यासाठी सरकारला खोटं सांगून परत आला. आमच्या रेकॉर्डात पैशासाठी, जमिनीसाठी, नोकरीसाठी खोटं लिहिलेले कागद मी शेकड्यानं पाहिलेत. त्यांची एक वेगळी नोंद ठेवली तर चांगलं मोठं रजिस्टर होईल. असल्या खोट्याला त्यात रकाना नव्हता.

पण डोमा कोतवाल होता, ही गोष्ट माझ्या डोक्यात फिरत राहिली. नवी माणसं पुरावा शोधतात ते जन्म-मृत्यूतच. कोतवाल म्हणजे सरकारी चाकर, आणि सरकार एक वेळ बाळाचं नाव लिहिणार नाही, पण चाकराची नेमणूक लिहिल्याशिवाय राहायचं नाही. त्या नेमणुकांचे बस्ते आमच्याकडं नव्हते. ते आस्थापनेच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागं. ते कोणी मागत नाही, म्हणून कोणी हलवत नाही.

"चार-पाच दिवस द्या," मी दीपाला म्हटलं. "लागेलच असं नाही."

"एकतीसच्या आत लागन?"

"ते डोमाला विचार."

ती हसली नाही. मला वाटतं, तिनं त्या महिन्यात हसण्याचा कोटा बाजूला ठेवून दिला होता.

गुरुवारी आणि शुक्रवारी वरून दोन याद्या आल्या, तेव्हा खुर्च्यांना हात लागला नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत शिरलो. बस्ते गावावार नव्हते, ठाण्यावार होते. तीन बस्ते सोडले. पाठ धरली. चौथ्यात एकोणीसशे एकतीस सालचा एक पिवळा कागद: मौजे खैरटोकी येथील कोतवाल सोनू, जात महार, मयत. त्याचे मुलगे दोन, डोमा व पैकू. थोरला डोमा यास कोतवाल नेमावे. धाकटा पैकू यास विचारले असता त्याची हरकत नाही. खाली दोन अंगठे. एकाच्या शेजारी डोमा, दुसऱ्याच्या शेजारी पैकू.

पैकूच्या घरी जन्म लिहिलेला नव्हता, पण पैकू होता. बाप होता, भाऊ होता, जात होती, साल होतं. हरकत नाही एवढंच काय ते तो आयुष्यात सरकारला म्हणाला होता, आणि तेवढं पुरे होतं.

मी खैरटोकीच्या सरपंचाच्या घरी फोन लावून निरोप दिला. बुधवारी, सोळा तारखेला, दोघं सकाळीच आले. म्हाताऱ्यानं अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं नाही, फक्त वाकून खूप जवळून पाहिलं आणि म्हणाला, "त्याचा अंगठा मोठा व्हता." मग मागं सरला.

नक्कल तयार होईपर्यंत मी दीपाला समजावलं. "हे लाव. वंशावळ लाव. ते अडतीसचं पान मात्र सोडून दे. तू अर्ज केला पैकूच्या घरच्या जन्मासाठी. पैकूच्या घरी जन्म आढळला नाही, असं मी लिहून देतो. त्यात एक अक्षर खोटं नाही."

तिनं समितीचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. "सर, समितीचा मानूस गावात चौकशीले येते ना?"

"येतो."

"मडाव्याच्या घरी आबाजीले अजून सुखीबाईचा पोरगा म्हणते. पोळ्याले त्यायच्याकडून ताट येते. थो मानूस विचारन, काहून? मंग बुक पाहीन. मंग लपवलं कोणी? मी लपवलं."

माझी एकोणीस वर्षं आणि तिची एकोणीस-वीस. पण खिडकीच्या अलीकडं असायला हवं ते डोकं पलीकडं होतं. मी म्हटलं, "मग दोन्ही लाव. आजोबांचं शपथपत्र लाव, की असं असं झालं होतं."

फुलचंदला बोलावलं. मागच्या गमतीची भरपाई म्हणून की काय, त्यानं मोठ्या तत्परतेनं कागद चढवला आणि तोंडानं बोलत बोलत टाइप केला. मी, उकंडा पैकू नगराळे, वय अंदाजे अडुसष्ट, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की... सगळं झकास चाललं होतं. शेवटी त्यानं टाइप केलं: सदर सोमा मडावी व त्याची पत्नी सुखीबाई यांचेशी माझे कोणतेही नाते नव्हते व नाही.

मी ते म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं अंगठ्याची शाई लावायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"थे खोडा."

"आजोबा, तेच तर महत्त्वाचं आहे," मी म्हटलं.

"नातं नाई म्हणता? सुखीबाई मेली तं मूठमाती मी देली. तिच्या स्वतःच्या पोरायच्या बरोबरीनं. कोणी आडवलं नाई मले. आता मी लिहून देऊ का नातं नाई?"

"आबाजी," दीपा म्हणाली, "दोनची गाडी हाय. आज अमरावतीले कागद गेला नाई तं पुढं चौकशीले दिवस पुरत नाईत."

"तुह्या कागद तू ने. मी अंगठा देत नाई."

"अंगठ्याबिगर कागद काय कामाचा?"

"मंग नको नेऊ."

एवढं बोलून तो ओट्यावर जाऊन बसला. दीपाही त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसली आणि तिनं डोकं गुडघ्यांत घातलं. रडत नव्हती. दहा दिवस दोन-दोन एसट्या बदलणारं माणूस जसं टेकेल तशी टेकली होती. फुलचंदनं माझ्याकडं पाहिलं, मी घड्याळाकडं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी जाऊन म्हाताऱ्याशेजारी बसलो. "आजोबा, समितीला दोनच गोष्टी पाहिजेत. रक्त कोणाचं आणि जात कोणती. सुखीबाईनं तुमचं काय केलं, ते त्यांच्या फॉर्मात नाही. पण लिहू नये असंही कुठं लिहिलेलं नाही."

"मंग माय लिहा तिले."

फुलचंद दचकला. "दोन मायी लिहिल्या तं समिती मलेच आत घेईन!"

"बरं, मानलेली आई लिहू," मी म्हटलं.

म्हातारा मान हलवत म्हणाला, "मी काय मानतो, तीन दिवसाचं पोट्टं? मानलं तिनं. थे लिहा."

फुलचंदनं नवा कागद चढवला. या वेळी तो मोठ्यानं बोलला नाही. त्याच्या टाइपरायटरचा र अडकतो, म्हणून प्रत्येक र ला तो दोनदा ठोकत होता, आणि दीपा प्रत्येक ठोक्याला घड्याळाकडं बघत होती. माझा जन्म पैकू सोनू यांचे घरी, त्यांचे रक्ताचा. आधीची मुले दगावल्याने तेव्हाचे रिवाजाप्रमाणे मला उकिरड्यावर ठेवण्यात आले. सुखीबाई सोमा मडावी हिने मला उचलून आपला मुलगा मानले व तीन महिने जतन केले. माझे चुलते डोमा कोतवाल यांनी जाणूनबुजून तिचे घरी जन्म सांगितला. ती नोंद माझे जातीचा पुरावा नाही, हे मला मान्य आहे.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. म्हातारा म्हणाला, "हे ठीक हाय. जात नाई तिची. बाकी हाय." आणि अंगठा दिला.

नायब तहसीलदार जेवायला गेलेले. ते आले, सही झाली, शिक्का बसला, तोवर दोनची गाडी गेली. दीपा साडेतीनच्या गाडीत उभी राहून गेली. रात्री अमरावतीला एका मैत्रिणीच्या खोलीवर थांबली आणि सकाळी रांगेत पहिली होती, असं तिनं नंतर सांगितलं. म्हातारा मात्र इथूनच खैरटोकीला परत गेला. जाताना मला म्हणाला, "बाबू, तुमची पाठ दुखते वाटते. एरंडाचं पान बांधा." एकोणीस वर्षांत खिडकीच्या पलीकडून माझ्या पाठीची चौकशी करणारा तो तिसरा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समितीचा चौकशी अधिकारी आला. आधी खैरटोकीला गेला, मग आमच्याकडं बुक पाहायला. तरुण होता, शर्टावर गावातल्या चहाचा डाग. मी दोन्ही पानं काढून ठेवली होती. त्यानं ती पाहिली, शपथपत्राशी ताडली आणि खुर्चीत मागं रेलला.

"मडाव्यांच्या घरी विचारलं," तो म्हणाला. "म्हातारी सून आहे तिथं. मी म्हटलं, उकंडा नगराळे तुमचे कोण? म्हणाली, आमचाच हाय थो. म्हटलं, म्हणजे तो गोंड? तर मलाच रागावली. म्हणे, गोंड कायले होईन, महार हाय थो. पण आमचाच हाय."

"मग तुम्ही काय लिहिलं?"

"दोन्ही लिहिलं." त्यानं जांभई दिली. "या महिन्यात अडतीस प्रकरणं झाली, साहेब. अर्ध्या ठिकाणी लोक नातं लपवतात, अर्ध्या ठिकाणी नसलेलं दाखवतात. यांनी सांगून टाकलं, माझा एक दिवस वाचला."

एकतीस तारखेला, गुरुवारी, खिडकीशी नेहमीची रांग होती. वरून नवी यादी आली होती, सतरा नावांची, आणि मी पाचव्यावर होतो. दीपा रांगेत आठवी की नववी. तिनं आधी येऊ द्या म्हटलं असतं तर लोकांनी येऊ दिलं असतं, म्हटलं नाही. तिचा नंबर आला तेव्हा तिनं पिशवीतून फाइल, फाइलीतून पिशवी आणि त्यातून लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र काढलं.

"परवा भेटलं, काल कॉलेजात जमा केलं, सर. सीट राह्यली. आज ओरिजिनल दाखवाले आणलं तुमाले."

मी ते हातात घेतलं. नाव, बापाचं नाव, जात, समितीचा शिक्का. पैकू, डोमा, सुखीबाई यातलं कोणी त्यावर नव्हतं. त्याच्यावर जागाही नव्हती.

"आजोबा कुठं आहेत?"

"पराटीत डवरा धरून राह्यले. म्हणे, तुह्या कागदापायी पंधरा दिवस गेले, गवत कमरेले लागलं. बोलत नाईत माह्याशी." मग तिनं मागच्या बाकाकडं पाहिलं. "सर, यवतमाळची गाडी पाऊन तासानं हाय. तिथं बसू काय थोडं?"

मी हो म्हटलं. ती बसली आणि फाइल छातीशी धरून भिंतीला टेकून झोपली. मी सहावं नाव काढलं. गाव सांगितलेलं होतं, साल नव्हतं.